कंसातले नाव

१९५६ साली डेन्मार्कच्या दंतवैद्यांच्या 'टँडलेगेब्लाडेट' या नियतकालिकाच्या ६०व्या खंडात, ९६३व्या पानापासून, हान्स पेटर फिलिपसेन यांचा एक लेख छापलेला आहे. लेख डॅनिश भाषेत आहे. शीर्षक मराठीत आणायचे तर 'जबड्यांतल्या केराटोसिस्टविषयी' असे होईल, पण तेवढ्याने भागत नाही. मूळ शीर्षकात 'केराटोसिस्ट' या शब्दाला लागूनच एक कंस आहे आणि त्या कंसात 'कोलेस्टिॲटोमा' हा जुना शब्द बसवला आहे. नवे नाव वाचकाला परके वाटू नये म्हणून जुने सोबतीला दिले, एवढाच त्या कंसाचा हेतू असणार. पुढच्या साठ वर्षांत मात्र या आजाराची नावे अशीच कंसाच्या आत-बाहेर होत राहिली. कधी केराटोसिस्ट कंसात गेली, कधी बाहेर आली, एकदा तर अधिकृत यादीतून नाहीशीच झाली आणि १२ वर्षांनी परत लिहिली गेली. या प्रत्येक बदलाचा संबंध कोणाच्या तरी जबड्याचे हाड किती काढायचे या प्रश्नाशी होता. म्हणून हे कागद एकापुढे एक ठेवून वाचावेसे वाटले.

आधी गाठीची ओळख. जबड्याच्या हाडात दातांच्या पेशींपासून होणाऱ्या गाठी ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या. सिस्ट म्हणजे पेशींचे अस्तर असलेली पिशवी, आत पाणी किंवा पिठूळ ऐवज. ती मोठी होते ती मुख्यतः आतल्या दाबाने. ट्यूमरमध्ये दाब असो वा नसो, पेशी आपल्याच हुकमाने वाढत राहतात. सिस्ट म्हटले की सर्जन अस्तर सोलून काढतो आणि पोकळी हाडाने भरून यायची वाट पाहतो. ट्यूमर म्हटले की, निदान त्यातल्या दांडग्या जातींमध्ये, भोवतालच्या निरोगी हाडाची किनारही जाते. वेळ पडली तर जबड्याचा तुकडाच काढून तिथे पायाचे हाड आणून बसवावे लागते. रिपोर्टवरचा एक शब्द शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जातो तो असा.

या गाठी जबड्यातच का होतात, तर दात घडवणारे कारागीर काम संपल्यावर सगळेच निघून जात नाहीत. गर्भाच्या हिरडीत पेशींची एक पट्टी आत उतरते, तिच्यापासून दाताचे अंकुर फुटतात, आणि दात तयार झाल्यावर त्या पट्टीचे तुकडे मागे उरतात. एतिएन सेर यांनी १८१७ मध्ये तान्ह्या मुलांच्या हिरड्यांत हे कण पाहिले होते. त्यांना त्या ग्रंथी वाटल्या, दातांवरचे किटण तयार करणाऱ्या. पॅरिसच्या लुई मालासे यांनी १८८५ साली दाताच्या मुळाभोवतीचे असे कण बारकाईने दाखवले आणि जबड्यातल्या सिस्ट व ट्यूमर दोन्हींचा उगम त्यांच्यात शोधला. आजही त्या कणांना त्यांचेच नाव आहे. किडून मेलेल्या दाताच्या टोकाशी होणारी सिस्ट, म्हणजे दंतवैद्याकडे सर्वांत जास्त येणारी सिस्ट, ती या मालासेच्या कणांपासून होते.

वर्गीकरणाचा पहिला मोठा प्रयत्न मालासेंच्या आधीचा, पॉल ब्रोका यांचा. मेंदूतल्या वाचेच्या केंद्रामुळे आपण ज्यांना ओळखतो तेच हे ब्रोका. १८६८ साली त्यांनी दातांच्या पेशींपासून होणाऱ्या गाठींना 'ओडोंटोम' हे नाव दिले आणि दात घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर काम बिघडले यावरून त्यांच्या जाती पाडल्या. विचार सुरेख होता: गाठ म्हणजे वाट चुकलेला दात, तेव्हा वाट कुठे चुकली ते सांगा. १८८८ मध्ये लंडनच्या जॉन ब्लँड-सटन यांनी यादी नव्याने मांडली. ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या जनावरांची शवविच्छेदने करीत आणि माणसाच्या जबड्याकडे ती नजर घेऊन येत. त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता: दाताच्या अंकुराचा कोणता भाग गाठीत गुंतला आहे? वरचे आवरण, भोवतालची पिशवी, मूळ, की सगळेच?

ब्लँड-सटन यांच्या यादीत माझी नजर खिळते ती एका गोष्टीवर. आज आपण ज्याला अमेलोब्लास्टोमा म्हणतो तो जबडा पोखरणारा ट्यूमर त्या यादीत 'ओडोंटोम' आहे, आणि न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती होणारी साधी सिस्ट, तीही 'ओडोंटोम'च आहे. दोघांना एकच आडनाव. ब्रिटिश डेंटल असोसिएशनने १९१४ मध्ये गॅबेल, जेम्स आणि पेन या तिघांचा अहवाल छापला, त्यातही सिस्ट आणि ट्यूमर एकाच कुटुंबात नांदतात. म्हणजे ज्या भिंतीवरून पुढे इतका वाद झाला ती भिंतच त्या काळी नव्हती. ती उभी राहिली विसाव्या शतकाच्या मध्याला. १९४५ मध्ये हॅमिल्टन रॉबिन्सन यांनी जबड्यातल्या फक्त सिस्टचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. १९४६ मध्ये कर्ट थोमा आणि हेन्री गोल्डमन यांनी फक्त ट्यूमरचे केले, बाहेरच्या आवरणाचे, आतल्या ऊतींचे आणि मिश्र असे तीन गट पाडून. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन वेगळ्या वह्या झाल्या. यापुढे कोणतीही नवी गाठ सापडली की पहिला प्रश्न: हिची नोंद कोणत्या वहीत?

रॉबिन्सन यांच्या वहीत एक नाव होते 'प्रायमॉर्डियल सिस्ट', म्हणजे आद्य सिस्ट. कल्पना अशी की दाताचा अंकुर कठीण कवच तयार होण्याआधीच विरघळला आणि त्याच्या जागी पिशवी उरली. दात नाही, त्याच्या जागी सिस्ट. हे नाव उगमावरून दिलेले होते, आणि उगम कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. तो मागाहून अंदाजाने लिहायचा असतो.

फिलिपसेन यांनी १९५६ मध्ये उलटी वाट धरली. गाठ कुठून आली हे बाजूला ठेवून ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते कशी, यावरून त्यांनी नाव ठेवले. ही स्लाइड एकदा नीट पाहिलेला माणूस ती विसरत नाही. अस्तर पातळ, जेमतेम सहा ते आठ पेशींच्या जाडीचे, आणि सगळीकडे सारखे. तळाच्या पेशी खिडकीच्या उभ्या गजांसारख्या एका ओळीत, गडद केंद्रकांच्या, एकमेकींना खेटून. वरचा पृष्ठभाग पन्हळी पत्र्यासारखा नागमोडी, त्यावर केराटिनचा थर, म्हणजे आपल्या नखांत आणि केसांत असते तेच द्रव्य. त्वचेचे अस्तर खालच्या थरात बोटे रोवून घट्ट बसलेले असते. इथे तशी बोटे नाहीत, खालची कड सपाट. त्यामुळे ओल आलेल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटावा तसे हे अस्तर आपल्या पिशवीपासून जागोजागी सुटलेले दिसते. पिशवीच्या पोकळीत केराटिनचे पापुद्रे साठून पांढरट, चुरगळलेल्या पनीरसारखा ऐवज झालेला असतो. आणि पिशवीच्या भिंतीत, मुख्य पोकळीपासून दूर, तसल्याच अस्तराची चिमुकली वर्तुळे: पिलावळ. सर्जनने मोठी पिशवी काढली तरी यातले एखादे पिल्लू हाडात राहून जाते.

एक्स-रेवर मात्र ही गाठ आपली ओळख सांगत नाही. खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, अक्कलदाढेच्या आसपास, एक काळी पोकळी दिसते. कधी ती न उगवलेल्या दाढेला वेढून बसते आणि साध्या सिस्टसारखी भासते, कधी तिला कप्पे असतात आणि अमेलोब्लास्टोमाची शंका येते. हाडाच्या मऊ गाभ्यातून ती लांबीने सरकत जाते, त्यामुळे गालावर सूज फार उशिरा येते. रुग्ण भलत्याच दाताच्या तक्रारीसाठी आलेला असतो आणि एक्स-रेत हे सापडते.

१९६२ मध्ये पिंडबोर्ग, फिलिपसेन आणि हेन्रिकसेन यांनी या स्लाइडची लक्षणे निकष म्हणून मांडली. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, पिंडबोर्ग आणि हान्सेन यांचा लेख आला. शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांचा पाठपुरावा झाला होता, त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांत गाठ परत आली होती. आकडा थोड्या रुग्णांचा आहे, आणि पुढच्या अभ्यासांत तो बराच खाली-वर झाला. पण सगळी पुढची कथा या एका आकड्याने हलवली असे कागद वाचताना वाटते. साधी सिस्ट नीट सोललेली असेल तर परत येत नाही. ही येते. मग ही सिस्ट कसली?

तो प्रश्न १९६७ मध्ये पॉल टॉलर यांनी उघडपणे विचारला. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या 'ॲनल्स'मध्ये सिस्ट कशा उगम पावतात आणि कशा वाढतात यावर लिहिताना त्यांनी सुचवले की केराटोसिस्टला सौम्य ट्यूमर समजावे. टॉलर सिस्टच्या आतल्या द्रवाचा दाब आणि त्यातली प्रथिने मोजत असत. त्यांच्या लेखी सिस्टची वाढ हा पाण्याच्या ओढीचा, दाबाचा मामला होता, आणि केराटोसिस्टच्या वाढीचा हिशेब नुसत्या दाबाने जुळत नव्हता.

आता जिनिव्हा. जागतिक आरोग्य संघटनेने १९६६ मध्ये दातांचे ट्यूमर, जबड्यातल्या सिस्ट आणि त्यांच्या जवळच्या गाठींसाठी एक संदर्भकेंद्र कोपनहेगनला नेमले. प्रमुख येन्स यॉर्गन पिंडबोर्ग. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, पिंडबोर्ग, लंडनचे आयव्हर क्रेमर आणि ब्राझीलचे हुम्बेर्तो तोर्लोनी यांच्या नावाने पुस्तक निघाले. जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांना पहिल्यांदा एक सामाईक यादी मिळाली. तिच्यात आपली गाठ आहे, सिस्टच्या भागात, पण नाव असे: 'प्रायमॉर्डियल सिस्ट (केराटोसिस्ट)'. म्हणजे उगमावरचे जुने नाव पुढे, आणि ज्या चमूत फिलिपसेन होते त्याच कोपनहेगनच्या चमूचे नाव कंसात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असल्याचे गृहीत धरून. ते गृहीत टिकले नाही. सगळे दात जागच्या जागी असलेल्या माणसांच्या जबड्यांतही केराटोसिस्ट सापडत होत्या. मग कोणत्या हरवलेल्या दाताच्या जागी त्या झाल्या?

पिंडबोर्ग यांचे नाव महाराष्ट्रात वेगळ्याच कामामुळे पोहोचलेले आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचा एक विभाग होता, आणि पिंडबोर्ग त्यांचे वर्षानुवर्षांचे सहकारी. या मंडळींनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधीची लक्षणे, तंबाखूशी त्यांचे नाते, हा विषय. निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिनिव्हाच्या यादीनंतर लगेच. एकाच माणसाच्या टेबलावर एका बाजूला हाडात दडलेल्या, लाखांत थोड्यांना होणाऱ्या गाठींची नावे आणि दुसऱ्या बाजूला आपल्या गावांतल्या मिश्री लावणाऱ्या, तंबाखू चघळणाऱ्या माणसांच्या नोंदी होत्या. मला हे फार मोलाचे वाटते. नावे ठरवणारा माणूस प्रयोगशाळेत कोंडून घेतलेला नव्हता.

फिलिपसेन यांचा आणखी एक कागद इथे वाचावा लागतो. १९६९ मध्ये त्यांनी बिर्न यांच्यासह एका दुसऱ्या गाठीवर लिहिले. ती बहुधा कोवळ्या वयाच्या मुलींना, वरच्या सुळ्याजवळ होते. तिला तेव्हा 'ॲडिनो-अमेलोब्लास्टोमा' म्हणत. नावात अमेलोब्लास्टोमा होता, म्हणून तिच्यावर शस्त्रक्रियाही त्याच हिशेबाने मोठी व्हायची. प्रत्यक्षात ही गाठ जाड आवरणात बंद असते, सहज सोलून निघते आणि क्वचितच परत येते. दोघांनी नाव बदलले, 'ॲडिनोमॅटॉइड ओडोंटोजेनिक ट्यूमर', आणि 'अमेलोब्लास्टोमा' हा शब्द त्यातून काढून टाकला. ते नाव टिकले. शब्द बदलला तर किती हाड वाचते याचा अनुभव फिलिपसेन यांच्या गाठीशी असा आधीच होता.

१९८४ मध्ये स्वीडनच्या आल्फोर्स, लार्सन आणि श्योग्रेन यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारले की केराटोसिस्ट हा सौम्य सिस्टिक ट्यूमर तर नाही ना. शेवटी प्रश्नचिन्ह. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मर्विन शियर यांनी तीन भागांत पुराव्यांचा मोठा आढावा घेतला, त्याच्याही शीर्षकात तोच प्रश्न आणि तेच चिन्ह. शियर म्हणजे तोंडातल्या सिस्टवर १९७६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे, या विषयातला शेवटचा शब्द मानले जाणारे. त्यांनीही प्रश्नचिन्ह काढले नाही, हे ध्यानात ठेवावे.

या दोन प्रश्नचिन्हांच्या मधल्या काळात जनुकांचा पुरावा आला होता. रॉबर्ट गॉर्लिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये एक वंशागत आजार वर्णिला होता: त्वचेवर बेसल सेल जातीच्या अनेक गाठी, दुभंगलेल्या बरगड्या आणि जबड्यात एकापेक्षा जास्त सिस्ट. त्या सिस्ट केराटोसिस्टच असतात. १९९६ मध्ये दोन संशोधक गटांनी या आजाराचे जनुक नवव्या गुणसूत्रावर शोधले. फळमाशीतल्या 'पॅच्ड' जनुकाचे हे माणसातले भावंड, नाव पीटीसीएच १. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे. लगाम तुटला की वाढ सुटते. मग हा वंशागत आजार नसलेल्या, एकट्या-दुकट्या केराटोसिस्टमध्येही तेच जनुक बिघडलेले सापडू लागले. ट्यूमर म्हणणाऱ्यांना हवा होता तो आधार मिळाला.

इथे १९९२ चे पुस्तक क्षणभर हातात घेऊ. १९७१ च्या यादीची ही दुसरी आवृत्ती, क्रेमर, पिंडबोर्ग आणि शियर यांची. आत कंस उलटा झाला आहे: 'ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट (प्रायमॉर्डियल सिस्ट)'. दिसण्यावरचे नाव पुढे, उगमावरचे कंसात. पण मला त्याहून बोलका वाटतो तो मुखपृष्ठावरचा बदल. १९७१ च्या शीर्षकात ट्यूमर, जबड्यातल्या सिस्ट आणि जवळच्या गाठी अशी तिन्ही नावे होती. १९९२ च्या शीर्षकात फक्त ट्यूमर उरले. सिस्ट आत होत्या, दारावरच्या पाटीवर नव्हत्या. पिंडबोर्ग १९९५ मध्ये गेले. पुढच्या आवृत्तीला ते नव्हते.

२००५ ची आवृत्ती डोके आणि मानेच्या सगळ्याच ट्यूमरचे जाडजूड पुस्तक म्हणून फ्रान्समधल्या लियाँहून निघाली. तिच्यात दातांच्या ट्यूमरचे प्रकरण आहे, सिस्टचे नाही. पाटीवरून गेलेल्या सिस्ट आता घरातूनही गेल्या. एक गाठ मात्र राहिली, ती नाव बदलून: 'केराटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर'. व्याख्येतही तिची वाढ आक्रमक आणि शिरकाव करणारी असू शकते असे आले. हिच्यासोबत दुसऱ्या एका सिस्टलाही ट्यूमर केले गेले, गॉर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये वर्णिलेल्या कॅल्सिफाइंग सिस्टला.

केराटोसिस्टच्या त्या दोन पानी नोंदीखाली लेखक म्हणून नाव आहे फिलिपसेन यांचे. ४९ वर्षांपूर्वी ज्यांनी हे नाव रुजवले त्यांनीच ते खोडले. हे वाचताना मी बराच वेळ त्या पानावर थांबलो. १९६९ मध्ये त्यांनी एका गाठीचे नाव सौम्य केले, कारण सर्जन गरजेपेक्षा जास्त कापत होते. २००५ मध्ये दुसरीचे नाव कडक केले, आणि माझ्या वाचनात त्यामागची तळमळ तीच आहे: 'सिस्ट' हा शब्द ऐकून सर्जन गरजेपेक्षा कमी कापत होते आणि रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी तीच गाठ घेऊन परत येत होता.

तरीही या निर्णयात मला एक अडचण दिसते, आणि ती पुस्तकाच्या बांधणीत आहे. ज्या ग्रंथात सिस्टला खोलीच नाही, त्यात केराटोसिस्टला दोनच वाटा होत्या: ट्यूमर म्हणून आत यायचे किंवा सगळ्या सिस्टबरोबर बाहेर जायचे. बाहेर जाणे परवडणारे नव्हते, कारण सगळ्या सिस्टमध्ये सर्वांत जास्त छळणारी हीच. शियर यांचे प्रश्नचिन्ह २००२ मध्ये उभे होते. तीन वर्षांत ते पुराव्याने पुसले गेले, की प्रकरणांच्या अनुक्रमणिकेने? दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की दुसऱ्या कारणाचा वाटा लहान नव्हता असे मी म्हणेन.

परिणाम लगेच दिसले. ठिकठिकाणच्या रुग्णालयांनी आपल्याकडच्या जुन्या नोंदी नव्या यादीने मोजल्या आणि दातांच्या ट्यूमरमध्ये केराटोसिस्ट एकदम पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाला आली, अमेलोब्लास्टोमाच्या बरोबरीने. जबड्यांत काहीच बदलले नव्हते. बदलले होते ते तक्त्याचे मथळे. २००५ च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांची तुलना करताना आजही हे विसरले जाते, आणि मग एखाद्या प्रांतात ट्यूमर वाढल्याचा निष्कर्ष निघतो. आपल्याकडच्या बीडीएसच्या मुलांच्याही पिढ्या यात विभागल्या गेल्या. त्या दशकात शिकलेल्यांच्या तोंडी केसीओटी ही चार अक्षरे बसली, त्यांच्या आधीच्यांच्या आणि नंतरच्यांच्या तोंडी ओकेसी ही तीन.

परतीची वाट एका जुन्या शस्त्रक्रियेतून आली. ब्रेस्लाऊचे कार्ल पार्ट्श यांनी १८९२ मध्ये सिस्टवर एक सोपा उपाय सांगितला होता: सगळी सोलून काढू नका, तिला तोंडात उघडणारी खिडकी पाडा. दाब गेला की पोकळी आपोआप आकसते. केराटोसिस्टवर हा उपाय करून नंतर पुन्हा तुकडा तपासला तेव्हा सर्जनांना वेगळेच दिसले. पन्हळी पत्रा गेला होता, उभे गज गेले होते. अस्तर तोंडातल्या साध्या त्वचेसारखे झाले होते. ट्यूमर दाब गेल्याने शहाणा होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे पोग्रेल आणि जॉर्डन यांनी २००४ मध्ये १० रुग्णांवरचा अनुभव छापला: नुसत्या खिडकीने गाठी पूर्ण मिटल्या. तीन वर्षांनी, २००७ मध्ये, पोग्रेल यांनीच त्याच नियतकालिकात लिहिले की काही गाठी परत आल्या आहेत, आणि आपल्या लेखाच्या शीर्षकातच हे आपले विधान अंशतः मागे घेणे आहे असे सांगितले. या सगळ्या कागदांत मला सर्वांत आदर वाटतो तो या छोट्या टिपणाचा. खिडकी पुरते की नाही यावर त्याने शंका घातली. अस्तर बदलते हे निरीक्षण मात्र उभे राहिले.

जनुकांचा पुरावाही वाटला होता तितका एकतर्फी राहिला नाही. पीटीसीएच १ चा बिघाड न उगवलेल्या दाताभोवतीच्या साध्या सिस्टमध्येही आढळल्याचे प्रसिद्ध झाले, आणि तिला कोणी ट्यूमर म्हणत नाही. उलट बाजूने, २०१५ मध्ये बीजिंगच्या गटाने अस्तर पिशवीपासून वेगळे करून तपासले तेव्हा केराटोसिस्टमधल्या बिघाडाचे प्रमाण आधी वाटले त्याहून पुष्कळ जास्त निघाले. पूर्वी भिंतीच्या निरोगी पेशी नमुन्यात मिसळत होत्या. म्हणजे ट्यूमरची बाजू जेव्हा यादीत हरत होती तेव्हाच प्रयोगशाळेत भक्कम होत होती.

जानेवारी २०१६ मध्ये लियाँला तज्ज्ञ बसले आणि २०१७ मध्ये चौथी आवृत्ती आली. सिस्टचे प्रकरण परत आले. त्यात 'ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट' हे नाव परत आले. कॅल्सिफाइंग सिस्टही परतली. तज्ज्ञांनी दिलेले कारण मापून-तोलून दिलेले आहे: ही गाठ ट्यूमर नाहीच असा त्यांचा दावा नाही, तिला ट्यूमर म्हणण्याइतका पुरावा आज जमलेला नाही एवढेच. त्या भागाचे एक सूत्रधार होते अमेरिकेचे जॉन राइट. याच राइट यांनी १९८१ मध्ये दाखवले होते की केराटोसिस्ट म्हणून मोजल्या जाणाऱ्या काही गाठींचे केराटिन वेगळ्या जातीचे आहे, त्यांच्यात पन्हळ नाही, गज नाहीत, आणि त्या सहसा परतही येत नाहीत. २०१७ मध्ये त्यांना पहिल्यांदा स्वतंत्र नोंद मिळाली. जुन्या अभ्यासांत या शांत गाठी केराटोसिस्टमध्येच मिसळलेल्या आहेत. परत येण्याचे जुने आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचे एक कारण हेही.

२०२२ च्या पाचव्या आवृत्तीत नाव तेच राहिले, सिस्टच्या रांगेत. त्याच आवृत्तीत अमेलोब्लास्टोमाच्या शेजारी 'ॲडिनॉइड अमेलोब्लास्टोमा' ही नवी नोंद आली, म्हणजे १९६९ मध्ये फिलिपसेन यांनी एका निरुपद्रवी गाठीवरून उतरवलेल्या जुन्या नावाशी कानाला जवळचे नाव आता एका उपद्रवी गाठीला मिळाले आहे. जुने लेख चाळणाऱ्याने सावध राहावे.

आणि जुने रिपोर्ट चाळणाऱ्यानेही. २००९ सालचा कागद घेऊन एखादा रुग्ण आज आला आणि त्यावर 'ट्यूमर' लिहिलेले असेल, किंवा १९७५ च्या कागदावर 'प्रायमॉर्डियल सिस्ट', तर आधी पॅथॉलॉजी विभागातून त्या क्रमांकाचा मेणाचा ठोकळा काढून नवा काप घ्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली तळाची ती गजांची ओळ आहे का, वरचा थर पन्हळी आहे का, ते पाहावे. असेल तर तारखेवरून नावाचा उलगडा होतो. मग त्या माणसाच्या जबड्याचा नवा एक्स-रे काढावा, कारण ही गाठ दहा वर्षांनंतरही परतल्याच्या नोंदी आहेत.